नसलेला आवाज आणि ऐकणारा माणूस

काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी देवळाच्या दाराशी थांबून राहिल्या. पती निवर्तून चार महिने झाले होते. सर्व मंडळी पांगल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "फादर, तिन्हीसांजेला ते मला हाक मारतात. अगदी नावानं. वळून बघते तर कुणीच नसतं. मला वेड तर नाही ना लागलं?"

त्यांना उत्तर देताना आमच्या डोळ्यांपुढे दुसराच एक चेहरा आला. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षांत एक तरुण आमच्याकडे आला होता. कोणीतरी आपल्याला शिव्या देते, आज्ञा करते, असे तो सांगे. आम्ही त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, नोव्हेना करावयास सांगितली आणि त्याला घरी पाठवले. तो डॉक्टरांपर्यंत पोहोचला तो त्यानंतर दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांचा हिशेब आमच्या नावावर आहे. नसलेला आवाज माणसाला का ऐकू येतो, या प्रश्नाचा इतिहास आम्ही शोधू लागलो तो या ऋणापोटी.

जुन्या काळी या प्रश्नाला दोनच उत्तरे होती : आवाज देवाचा तरी, नाहीतर सैतानाचा. दोंरेमी गावच्या जोनने वयाच्या सुमारे तेराव्या वर्षी, उन्हाळ्यातील भर दुपारी, वडिलांच्या बागेत पहिला आवाज ऐकला. १४३१ साली रुआं येथे तिला जिवंत जाळण्यात आले. १४५६ मध्ये तो निकाल रद्द ठरला आणि १९२० मध्ये ती संतपदास पोहोचली. आवाज तेच, निवाडे मात्र वेगवेगळे. २००६ साली इटलीतील दोघा वैद्यकतज्ज्ञांनी तिच्या जबानीवरून अपस्माराची शक्यता सुचवली. पाच-सहा शतकांपूर्वीच्या व्यक्तीचे निदान कागदावरून करणे कितपत योग्य, हा प्रश्न अर्थात उरतोच.

सोळाव्या शतकातील स्पेनमध्येही अशा अनुभवांकडे संशयाने पाहिले जाई. आपल्याला थेट आंतरिक प्रकाश लाभला आहे असे मानणाऱ्या 'आलुंब्रादोस' मंडळींविरुद्ध इन्क्विझिशनने १५२५ मध्ये फर्मान काढले होते. याच देशात, याच शतकात, कार्मेल संघातील दोन संतांनी तिसऱ्या उत्तराची वाट दाखवली. सेमिनरीत आम्ही त्यांचे ग्रंथ वाचले ते ध्यानाच्या उंच पायऱ्यांसाठी. त्यांतील व्यवहारज्ञान तेव्हा आमच्या ध्यानी आले नाही.

क्रूसाचे संत योहान 'कर्मेल पर्वतारोहण' या ग्रंथात अशा अंतर्वाणींचे तीन प्रकार करतात. त्यांतील पहिल्या प्रकारात चिंतनात बुडालेली बुद्धी स्वतःच शब्द रचते, स्वतःच प्रश्नोत्तरे करते, आणि माणसाला मात्र वाटते की दुसराच कोणी बोलत आहे. थोडेसे ध्यान साधताच 'देव माझ्याशी बोलला' असे सांगत सुटणाऱ्यांविषयी ते स्पष्ट भीती व्यक्त करतात.

आविलाच्या संत तेरेजा यांचा सल्ला तर आणखी हृद्य आहे. त्यांना स्वतःला अंतर्वाणी ऐकू येत, आणि काही सल्लागारांनी तो सैतानाचा खेळ ठरवल्याने त्यांनी फार सोसले होते. १५७७ मध्ये लिहिलेल्या 'अंतरीचा राजवाडा' या ग्रंथात त्या सांगतात की, विषण्णतेने ग्रासलेली किंवा दुर्बल कल्पनाशक्तीची व्यक्ती असे काही सांगू लागली तर तिला आजारी माणसासारखे ऐकून घ्यावे. वाद घालू नये, सैतानाचे नाव काढून तिला अधिक घाबरवू नये. त्या आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, एवढेच सांगावे. ही समज दाखवणारी व्यक्ती मानसोपचारशास्त्र जन्मास येण्यापूर्वी दोन शतके होऊन गेली!

फ्रेंच वैद्य एस्किरोल यांनी १८१७ मध्ये या अनुभवाची वैद्यकीय व्याख्या केली, आणि पुढे १८३८ च्या ग्रंथात 'विपर्यास' व 'भास' वेगळे केले. दोरीला साप समजणे हा विपर्यास. दोरीही नसताना साप दिसणे हा भास. त्यामुळे दुःखितांची सुटका सैतानाच्या आरोपातून झाली, पण वेडाच्या शिक्क्यातून झाली नाही. १८३६ साली लेल्यू या वैद्याने तर खुद्द सॉक्रेटिसलाच वेडा ठरवले.

मग संशोधनाची दिशा मेंदूकडे वळली. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा 'हे बोल माझेच' अशी आगाऊ सूचना मेंदू स्वतःच्या श्रवणकेंद्राला देतो, आणि ही सूचना चुकली की आपलाच बोल परका वाटतो, असे अनेक अभ्यासक मानतात. १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांना असे दिसले की, रुग्णांना आवाज ऐकू येत असताना मेंदूच्या वाणी घडवणाऱ्या भागात रक्तप्रवाह वाढतो. योहानांच्या निरीक्षणाशी याचे किती जवळचे नाते आहे! शिवाय ऐकू येणे कमी झालेल्या वृद्धांना कधी घंटानाद, कधी जुनी गाणी ऐकू येतात; बाहेरून आवाज येईनासा झाला की मेंदू ती पोकळी स्वतःच भरून काढतो.

आणि शोकग्रस्त माणसे? वेल्समधील डॉक्टर ड्यूई रीस यांनी २९३ विधवा-विधुरांना भेटून १९७१ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना दिवंगत जोडीदाराचा काही ना काही प्रत्यय आला होता. सुमारे तेरा टक्क्यांनी तर आवाज ऐकला होता. बहुतेकांनी ही गोष्ट अगदी जवळच्यांपासूनही लपवली होती. रीस यांनी हा अनुभव वैधव्यातील स्वाभाविक आणि आधार देणारा मानला.

त्या भगिनींना आम्ही हेच सांगितले, आणि कान तपासून घेण्यासही सुचवले. त्या रडल्या, मग म्हणाल्या, "मग त्यांनी हाक मारली तर मी ओ देऊ?" द्या, म्हणालो.

मात्र प्रत्येक आवाज असा मायेचा नसतो. जो आवाज धमकावतो, जीव द्यावयास सांगतो, झोप हिरावून घेतो, त्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाल्यापासून या आजारावर औषधे उपलब्ध आहेत. प्रार्थना जरूर करावी, पण तिच्या नावाखाली औषध लांबणीवर टाकू नये.

तो तरुण आता प्रौढ झाला आहे. औषधे नियमित घेतो, बागायत सांभाळतो. मध्यंतरी आम्ही त्याची क्षमा मागितली. तो एवढेच म्हणाला, "फादर, तुम्ही प्रार्थना केली ते बरंच केलं. पण तो आवाज मला काय सांगतो, हे तुम्ही विचारलंच नाही."