वॉशिंग्टन, जॉर्ज

(२२ फेब्रुवारी १७३२–१४ डिसेंबर १७९९). अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सरसेनापती व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला राष्ट्राध्यक्ष (कार. १७८९–९७). जन्म व्हर्जिनियातील जमीनदार कुटुंबात. वडील १७४३ मध्ये वारल्याने सावत्र भावांप्रमाणे इंग्लंडमध्ये शिकण्याची संधी त्यास लाभली नाही; ही उणीव त्यास पुढेही जाणवत राहिली. जमीन, लष्करी हुद्दा व लौकिक यांचा ध्यास त्याने तरुणपणीच घेतला.

ओहायो खोऱ्यात १७५४ मध्ये त्याच्या तुकडीने केलेल्या हल्ल्यात झ्यूमाँव्हील हा फ्रेंच अधिकारी मारला गेला. पुढे फोर्ट नेसेसिटी येथे शरण जाताना त्याने सही केलेल्या फ्रेंच मसुद्यात या घटनेस ‘हत्या’ म्हटले होते. त्यास मात्र फ्रेंच येत नव्हते. ब्रिटिश सैन्यातील कायम हुद्द्यासाठी त्याने केलेली खटपट निष्फळ ठरली. १७५९ मध्ये मार्था कस्टिस या धनाढ्य विधवेशी विवाह झाल्याने त्याचे स्थान उंचावले. १७६३ च्या राजाज्ञेने पश्चिमेकडील वसाहतीस मनाई केली असतानाही, तेथील उत्तम जमिनी गुप्तपणे हेरून ठेवण्यास त्याने १७६७ मध्ये आपल्या मोजणीदारास कळविले. ब्रिटिश सत्तेविषयीच्या त्याच्या असंतोषात तत्त्वनिष्ठेबरोबर अशा हितसंबंधांचाही वाटा होता.

१७७५ च्या काँग्रेसला तो लष्करी गणवेशात उपस्थित राहिला व सरसेनापती झाला. मात्र विजयानंतर, २३ डिसेंबर १७८३ रोजी, त्याने अधिकारपद सोडले आणि पुढे दोन कारकीर्दींनंतर राष्ट्राध्यक्षपदावरूनही तो निवृत्त झाला. लौकिकाच्या ज्या ओढीने त्यास सत्तेपर्यंत नेले, तिनेच सत्तात्यागाचे मोलही त्यास शिकविले.

गुलामगिरीच्या बाबतीत हा संयम तोकडा पडला. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर गुलामांना मुक्ततेचा हक्क मिळत असे; तो टाळण्यासाठी फिलाडेल्फियातील आपल्या गुलामांना तो मुदतीपूर्वी राज्याबाहेर पाठवी. १७९६ मध्ये पळून गेलेल्या ओना जज या दासीस परत आणण्याचे त्याचे प्रयत्न फसले. १७९९ मध्ये माउंट व्हर्नन येथील ३१७ गुलामांपैकी १२३ त्याच्या मालकीचे होते; पत्नीच्या निधनानंतर त्यांना मुक्त करावे, असे त्याने मृत्युपत्रात नमूद केले. मार्थाने त्यांना १८०१ मध्येच मुक्त केले. कस्टिस घराण्याच्या इस्टेटीतील गुलाम मात्र दास्यातच राहिले.

मेसन वीम्स या चरित्रकाराने रूढ केलेल्या चेरीच्या झाडाच्या कल्पित कथेने त्यास निर्दोष ठरविले. वस्तुतः त्याचे मोठेपण निर्दोषत्वात नसून, स्वतःच्या महत्त्वाकांक्षेस त्याने सार्वजनिक जीवनात घातलेल्या मर्यादेत आहे. ती मर्यादा त्याच्या घरात फार उशिरा पोहोचली.