दहावीच्या गुणांचा अंदाज कसा काढावा? डहाणू-तलासरीतले शिक्षक आणि पालकांसाठी

दहावीचा निकाल उन्हाळ्यात लागतो. पण तो कसा लागणार, याच्या खुणा नववीपासूनच हजेरीपटात आणि चाचणीच्या पेपरात दिसू लागतात. त्या खुणा पाहून कोणत्या मुलाला कोणत्या विषयात साधारण किती गुण पडतील, याचा आधीच हिशेब मांडणं म्हणजे गुणांचा अंदाज. अनुभवी शिक्षक हे मनातल्या मनात करतच असतात. तोच हिशेब कागदावर उतरवला, तर मागे पडणाऱ्या मुलाला वेळेत मदत मिळते.

२०२१ ला काय झालं?

कोरोनामुळे २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अख्ख्या महाराष्ट्राचा निकाल शाळांनीच तयार केला. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीतल्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिकावरून दिले गेले. ही मुलं नववीत होती तेव्हा लॉकडाऊनमुळे त्यांची दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नव्हती. निकाल लागला ९९.९५ टक्के. २०२३ मध्ये नेहमीसारखी परीक्षा झाली तेव्हा तो ९३.८३ टक्के होता. अंदाजालाच निकाल केलं, की कच्चं मूल झाकून जातं.

इंग्लंडमध्ये उलटं घडलं. तिथे ऑगस्ट २०२० मध्ये शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी संगणकाच्या सूत्राने बदलल्या. सूत्रात शाळेचे मागचे निकालही धरले होते. जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या आणि ज्या शाळांचे आधीचे निकाल कमी होते, तिथली हुशार मुलं भरडली गेली. चार दिवसांत सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरच्या शाळेबाबत ‘इथली मुलं एवढीच’ असं कुणी म्हणालं, तर तीच चूक पुन्हा होते.

हिशेब कसा मांडायचा?

मोठं मशीन लागत नाही, एक वही पुरते. प्रत्येक मुलापुढे चार गोष्टी लिहायच्या : नववीचे गुण, घटक चाचणी, सहामाही आणि दर महिन्याची हजेरी. नंतर त्यात सराव परीक्षेचे गुण भरायचे.

समजा, एका मुलीला घटक चाचणीत २० पैकी ९, सहामाहीत ८० पैकी ३२ आणि सराव परीक्षेत ८० पैकी २८ गुण आहेत. टक्केवारी काढली तर ४५, ४० आणि ३५. म्हणजे ती घसरते आहे. अंतर्गत २० पैकी १८ मिळवले तर बेरीज ४६ दिसते आणि घरचे निर्धास्त होतात. म्हणून लेखी गुण वेगळेच पाहावेत.

मग पेपर उघडून बघायचं, गुण गेले कुठे? बीजगणितात की भूमितीत? प्रश्न समजला नाही, की समजून वेळ पुरला नाही? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

हजेरीचा रकाना तर सोडूच नका. अमेरिकेत शिकागोच्या शाळांवर २००५ मध्ये अभ्यास झाला. नववीचं वर्ष ज्यांचं नीट पार पडलं, ती मुलं शाळा पूर्ण करण्याची शक्यता इतरांपेक्षा साडेतीन पट होती, असं त्यात दिसलं. सारख्या गैरहजेरीने हेच वर्ष बिघडतं.

मूल मागे का पडतं?

आपल्याकडे कारण बरेचदा डोक्यात नसतं, परिस्थितीत असतं. घरात वारली, गुजराती किंवा उर्दू आणि पुस्तक मराठीत. आपली काही मुलं प्राथमिक शाळा उर्दू किंवा गुजराती माध्यमात करून पुढे मराठी किंवा इंग्रजी माध्यमात जातात. त्यांना विज्ञान कळतं, शब्द अडतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जाणाऱ्या घरांतली मुलं नेमकी दुसऱ्या सत्रात गायब होतात. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा कित्येक घरं रात्री बाहेर झोपत होती. त्या दिवसांतले गुण पाहून मुलाची कुवत ठरवणं चुकीचंच.

ही गोष्ट याच मातीत फार आधी ओळखली गेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम केलं. गुरं चारणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली.

शिक्षकांनी काय करावं?

अंदाज दिवाळीआधी काढावा, म्हणजे हातात तीन-चार महिने राहतात. ज्यांचे लेखी गुण ४० टक्क्यांच्या खाली आहेत, त्यांच्यासाठी एका वेळी एकच विषय आणि दोन-तीनच धडे धरावेत. माध्यम बदलून आलेल्या मुलाला महत्त्वाच्या शब्दांची यादी त्याच्या भाषेत द्यावी. दर महिन्याला हिशेब नव्याने करावा. आणि ‘तू नापास होणार’ हा शब्द वर्गात कधी उच्चारू नये. रोझेंथाल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं, की शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलाच्या प्रगतीवर परिणाम होऊ शकतो.

घरच्यांनी काय विचारावं?

पालक सभेत ‘पास होईल ना?’ एवढंच विचारून परतू नका. सरांना किंवा बाईंना तीन प्रश्न विचारा : लेखीत किती आहेत? कोणता धडा कच्चा आहे? महिन्यात किती दिवस गैरहजर होता? अब्बांना कामामुळे जमत नसेल तर अम्मीने किंवा मोठ्या भावंडाने जावं. मुलाला दुकानावर आणि मुलीला घरकामात गुंतवण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक बघा. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा चालू असतानाच रोजे सुरू झाले. असं असेल तेव्हा उजळणी रमजानच्या आधीच उरकलेली बरी.

एवढं करूनही एक-दोन विषय राहिले, तर शाळा सोडायचं कारण नाही. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, तिचा फॉर्म लगेच भरा.