श्वापद, खडा आणि सहाशे सहासष्ट: प्रकटीकरण 13:18 वरील भाष्य

वचनाचा आशय आधी साध्या शब्दांत मांडू. योहान सांगतो की पुढचे काम शहाणपणाचे आहे. ते समज असलेल्याने करावे. काम म्हणजे श्वापदाच्या संख्येचा हिशेब. ती संख्या मनुष्याशी निगडित आहे आणि ती सहाशे सहासष्ट आहे. वचन प्रमाण आहे; त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यातून काय काढावे याचा. शब्दाच्या मुळात अर्थ शोधणारा आणि आकड्यात नाव शोधणारा, दोघेही या एकाच वचनावर घसरतात. म्हणून विद्यार्थ्याने सुरुवात इथूनच करावी.

शहाणपण. मूळ ग्रीक शब्द ‘सोफिया’. हाच शब्द 17:9 मध्ये अशाच सूचनेसारखा येतो, आणि तिथे लगेच उलगडा दिला आहे: सात डोकी म्हणजे सात टेकड्या. सात टेकड्या म्हटले की त्या काळच्या श्रोत्याला रोम आठवे. याचा अर्थ, ‘सोफिया’ ही इथे गुप्तविद्या नव्हे. ऐकलेले चित्र ओळखीच्या जगाशी जुळवण्याची ती कुवत आहे.

समज असलेल्याने. हे पुस्तक मंडळीत मोठ्याने वाचून दाखवायचे होते, हे 1:3 वरून दिसते. ऐकणारे होते इफिस, स्मुर्णा, पर्गम आणि आसियातील इतर चार नगरांतले विश्वासी. यात एक गोष्ट गृहीत आहे: उत्तर त्या श्रोत्यांच्या आवाक्यातले होते. जे उत्तर कळायला सोळाव्या शतकातला पोप किंवा विसाव्या शतकातले यंत्र माहीत असावे लागते, ते या पदापाशीच बाद होते.

हिशेब करावा. इथे थांबणे भाग आहे. क्रियापद ‘प्सेफिझो’. ते ‘प्सेफोस’पासून आले, आणि ‘प्सेफोस’ म्हणजे खडा. खडे मांडून मोजत, म्हणून मोजणे.

येथे कोणी म्हणेल: याच पुस्तकात, 2:17 मध्ये, विजयी होणाऱ्याला पांढरा खडा मिळतो आणि त्यावर नवे नाव कोरलेले असते. तिथे खडा आणि नाव, इथे खडा आणि नावाचा आकडा. मग दोन्ही वचने एकमेकांची किल्ली नाहीत का?

नाहीत. तिथे खडा ही वस्तू आहे, ती हातात दिली जाते. इथे खडा क्रियापदाच्या पोटात विरून गेला आहे. लूक 14:28 मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, तिथेही हेच क्रियापद आहे, आणि तिथे कोणी खडे शोधत नाही. प्रेषितांची कृत्ये 26:10 मध्ये ‘प्सेफोस’ म्हणजे चक्क मत, निवाड्यात दिलेले. एकाच मुळाचे तीन अर्थ झाले: वस्तू, हिशेब, मत. कोणता घ्यायचा हे मूळ सांगत नाही, वाक्य सांगते. ‘कॅल्क्युलेटर’ या शब्दातही लॅटिनमधला खडाच दडला आहे. किराणा दुकानदार ते यंत्र दाबताना खड्यांचा विचार करीत नाही.

मुळालाच अर्थ मानण्याचा हा दोष बायबल-अभ्यासक जेम्स बार यांनी 1961 च्या आपल्या ग्रंथात नेमका दाखवला. शब्दाचे मूळ हा त्याचा इतिहास असतो, आणि इतिहास म्हणजे अर्थ नव्हे. प्रवचनांत फार ऐकू येणारे उदाहरण ‘एक्लेसिया’चे. ‘एक’ म्हणजे बाहेर, ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे. म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले लोक, असे ठासून सांगतात. शिकवण म्हणून ती चांगली असेलही. पण प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिसच्या नाट्यगृहात जो आरडाओरडा करणारा जमाव जमतो, त्यालाही हाच शब्द लावला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण का जमलो हेच ठाऊक नव्हते. त्यांना कोणी कशातून पाचारण केले होते? शब्दाचा अर्थ ‘सभा’, एवढाच.

श्वापदाच्या. ग्रीक शब्द ‘थेरिऑन’. घडण लघुत्वदर्शक आहे. मूळ ‘थेर’, त्याला लहानपणाचा प्रत्यय. व्युत्पत्तीवर विसंबणाऱ्याने म्हणावे की हे छोटे जनावर आहे. पण याच अध्यायात त्याला दहा शिंगे व सात डोकी आहेत आणि सारी पृथ्वी थक्क होऊन त्याच्या मागे जाते. म्हणजे प्रत्ययाची धार बोथट झाली होती. ‘आर्निऑन’, म्हणजे कोकरा, या शब्दाचीही घडण अशीच. त्यावरून ख्रिस्ताचे ‘इवलेसे कोकरू’ रंगवणारी प्रवचने भावपूर्ण असतात. पण 6:16 मध्ये राजे आणि सरदार त्याच कोकऱ्याच्या क्रोधापासून लपायला डोंगरांना हाका मारतात, हे तिथे विसरले जाते.

मराठी वाचकाला ही चूक आपल्याच शब्दावर तपासता येईल. मराठी बायबलने ‘श्वापद’ हा शब्द घेतला. त्याची परंपरागत फोड ‘श्वन्’ अधिक ‘पद’, म्हणजे कुत्र्यासारखे पाय असलेला. आता 13:2 पाहा: या श्वापदाचे पाय अस्वलाचे आहेत. फोड खरी धरली तर मराठी शास्त्र स्वतःशीच भांडते. प्रत्यक्षात कोणाही मराठी माणसाला इथे विसंगती जाणवत नाही, कारण श्वापद म्हणजे हिंस्र पशू, हे आपल्याला वापराने माहीत आहे. जी सवलत आपण आपल्या भाषेला देतो, ती ग्रीकलाही द्यावी.

मनुष्याची. इथे दोन वाचने संभवतात. एक: ‘कोणा एका मनुष्याची’, म्हणजे संख्येमागे व्यक्तीचे नाव आहे. दुसरे: ‘मानवी’, म्हणजे माणसे ज्या रीतीने मोजतात त्या रीतीची. ग्रीकमध्ये ‘एक’ दाखवणारे उपपद नाही, आणि मराठीतही ‘मनुष्याची’ दोन्ही अर्थांनी चालते. तेव्हा भाषांतराने ही संदिग्धता लपवलेली नाही. दुसऱ्या वाचनाला आधार 21:17 चा: तिथे नगराचा तट मनुष्याच्या मापाने मोजला जातो. पहिल्याला आधार लगतच्या 13:17 चा: तिथे श्वापदाचे नाव आणि नावाची संख्या शेजारी ठेवली आहेत. जवळचा आधार दूरच्याहून बळकट. पहिले वाचन घ्यावे.

सहाशे सहासष्ट. ग्रीक आणि हिब्रू अक्षरे अंकांचेही काम करीत, म्हणून प्रत्येक नावाची बेरीज होई. आपल्याकडे कटपयादी पद्धतीने ‘जय’चे अठरा होतात, तशातलाच हा प्रकार. इसवी सन 79 मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत कोणी प्रियकराने भिंतीवर आपल्या प्रियेचा आकडा 545 असल्याचे खरडून ठेवले आहे. तिला ओळखणाऱ्याला तो आकडा पुरेसा होता. आपल्याला तो काहीच सांगत नाही. याचा अर्थ: नावावरून आकडा एकच निघतो, आकड्यावरून नावे अगणित.

हे ध्यानात न ठेवल्याने काय होते ते पाहा. मिखाएल श्टिफेल, ल्यूथरचा अनुयायी. त्याने पोप दहाव्या लिओच्या लॅटिन नावातली रोमन अंकाक्षरे घेतली: L, D, C, I, M, V यांची बेरीज 1656. मग M हे ‘गूढ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर म्हणून वगळले, उरले 656. मग दहावा म्हणून X घातला, झाले 666. याच श्टिफेलने ऑक्टोबर 1533 मध्ये जगाचा अंत होणार असे जाहीर केले होते. पुढे 1544 मध्ये त्याने गणितावर उत्तम ग्रंथ लिहिला. म्हणजे माणूस बेरजेत कच्चा नव्हता. उलट बाजूने कॅथलिक पेत्रो बोंगोने ‘मार्टिन’चे 260 आणि ‘लुतेरा’चे 406 मिळवून ल्यूथरलाच श्वापद ठरवले. आडनावाला शेवटी ‘आ’ का लावला? बेरीज जमावी म्हणून. दोघांनीही आरोपी आधी ठरवला आणि हिशेब मागून केला.

मग रोमन सम्राट नीरोचे काय? ‘नेरोन कैसर’ हिब्रू अक्षरांत लिहिले तर 306 अधिक 360, म्हणजे 666. आक्षेप असा की ‘कैसर’मध्ये ‘योद’ हे अक्षर हवे, आणि ते घातले तर दहा वाढतात. उत्तर: मृत समुद्राजवळ मुरब्बात येथे सापडलेल्या, नीरोच्याच कारकिर्दीतल्या अरामी दस्तऐवजात ‘योद’ नाही. म्हणजे हे लेखन बेरजेसाठी घडवलेले नाही. दुसरा पुरावा पाठभेदाचा. एफ्राएमी हस्तलिखितात आणि ऑक्सिरिंखसच्या पपायरस 115 मध्ये संख्या 616 आहे. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहून शेवटचे ‘नून’ हे अक्षर गाळले की पन्नास कमी होतात, आणि 616 च उरतात. एकच नाव दोन्ही पाठ समजावते, ही साधी गोष्ट नव्हे. अडचण एकच आहे. श्रोते ग्रीक बोलणारे, हिशेब हिब्रूचा. आणि 9:11 व 16:16 मध्ये योहान ‘हिब्रूत’ असे स्पष्ट सांगतो, तसे इथे सांगत नाही.

विद्यार्थ्याने शेवटी आरंभीच्या मंडळीतला लेखक आयरेनियस वाचावा. इसवी सन 180 च्या सुमारास लिहिताना त्याला 616 हा पाठ ठाऊक होता. तो त्याने नकलकाराची चूक म्हणून नाकारला. ‘एवान्थास’, ‘लातेइनोस’, ‘तेइतान’ ही नावे त्याने दिली. तिन्हींची बेरीज 666 येते, पण ‘लातेइनोस’मधला जादा ‘ए’ काढून नेहमीसारखे लिहिले तर 661 च होतात. ‘तेइतान’कडे त्याचा कल होता. तरीही त्याने निकाल दिला नाही. नाव उघड करायचे असते तर ज्याने दर्शन पाहिले त्यानेच ते सांगितले असते, असा त्याचा युक्तिवाद. नीरोचे नाव तो घेत नाही.

माझे मत: नीरो संभाव्य आहे, सिद्ध नाही. त्याच्या बाजूने जे वजन पडते ते बेरजेचे नाही. दस्तऐवजातले लेखन, पाठभेद आणि सात टेकड्यांचा संदर्भ यांचे आहे. उद्या कोणी नवे नाव घेऊन आला तर त्याला बेरीज विचारू नये, ती जमलेलीच असेल. ते नाव कोणत्या भाषेत, कोणत्या लेखनाने घेतले आणि पर्गमच्या श्रोत्याला ते माहीत असण्याचे कारण काय, एवढे विचारावे.