किप्स

कॉलेजच्या रसायनशाळेत मी सहायक होतो आणि 'किप्स' भरणे हे माझ्या वाट्याचे काम होते. मला ते मनापासून आवडायचे. काचेचे तीन गोल एकावर एक. मधल्या गोलात फेरस सल्फाइडचे काळपट खडे टाकायचे आणि वरच्या गोलातून विरल आम्ल ओतायचे. तोटी उघडली की आम्ल तळच्या गोलातून वर चढून खड्यांना भिडते आणि हायड्रोजन सल्फाइड सुटू लागतो. तोटी बंद केली की कोंडलेला वायूच आम्लाला खाली रेटतो, खडे उघडे पडतात आणि क्रिया थांबते. ना पंप, ना वीज.

हे उपकरण पेट्रस याकोबस किप (१८०८–१८६४) याचे. हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा औषधविक्रेता. १८३० मध्ये त्याने तिथे दुकान काढले आणि औषधांबरोबर रसायने व उपकरणेही विकायला सुरुवात केली. १८४४ च्या सुमारास त्याने हे तीन गोल रचले. आतली रासायनिक क्रिया जुनीच होती. या वायूचा अभ्यास स्वीडनच्या कार्ल शेले याने १७७७ मध्येच केला होता. तीव्र आम्ल आपले हायड्रोजन आयन सल्फाइडला देते, त्यातून हायड्रोजन सल्फाइड हे सौम्य आम्ल तयार होते, आणि ते पाण्यात फारसे मुरत नसल्याने वायू होऊन निघून जाते. किपने या क्रियेला लगाम घातला. हवा तेव्हा, हवा तेवढाच वायू! माझ्या मते ही कामगिरी एखाद्या नव्या मूलद्रव्याच्या शोधाहून कमी नाही.

या वायूला मागणी होती ती विश्लेषणात. कार्ल रेमिगियस फ्रेसेनियसचे गुणात्मक विश्लेषणाचे पुस्तक १८४१ मध्ये निघाले, तेव्हा तो विशीतला विद्यार्थी होता. धातू गटागटाने वेगळे काढण्याच्या पद्धतीत हायड्रोजन सल्फाइड हा कणा ठरला. पुढे व्होगेलच्या १९३७ च्या पुस्तकावाटे हीच शिस्त आमच्याकडच्या टेबलांवरही रुळली. मुले म्हणायची, "सर, गॅस पास करायचाय, सेकंड ग्रुप बघायचाय."

त्या दुसऱ्या गटातच खरी मौज आहे. मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात हा वायू सोडला की कॉपर सल्फाइडचा काळा साका बसतो आणि द्रावणात सल्फ्युरिक आम्ल मोकळे होते. म्हणजे किप्समध्ये तीव्र आम्लाने सौम्य आम्लाला क्षारातून हुसकले, आणि चार पावलांवरच्या परीक्षानळीत त्याच सौम्य आम्लाने तीव्र आम्लाला मोकळे केले! तीव्र आम्ल नेहमी जिंकते असे घोकणाऱ्या मुलाला मी मुद्दाम या दोन्ही जागा दाखवायचो. द्रावणातून काय बाहेर पडते, त्यावर क्रियेची दिशा ठरते. तिथे वायू, इथे साका. आयर्न सल्फाइड आम्लात विरघळते, कॉपर सल्फाइड मात्र इतके अविद्राव्य की हायड्रोक्लोरिक आम्ल त्याला हलवू शकत नाही, तिथे गरम नायट्रिक आम्लच लागते. म्हणून किप्समध्ये खडे लोखंडाच्याच सल्फाइडचे.

आम्लाची निवडही विचार करूनच व्हायची. सल्फ्युरिक वापरले तर हिराकशीचे फिकट हिरवे स्फटिक साचून वाट बुजते. हायड्रोक्लोरिकने तो त्रास होत नाही. संगमरवरावरून कार्बन डायऑक्साइड काढताना तर सल्फ्युरिक चालतच नाही, कारण खड्यांवर कॅल्शियम सल्फेटचा थर चढतो आणि क्रिया गुदमरते.

सडक्या अंड्यांचा वास कपड्यांत घरापर्यंत यायचा. पण भीती होती ती वास न येण्याची. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभरेक भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि माणसाला वाटते, गॅस गेला. म्हणून आमचे किप्स व्हरांड्यात असायचे. गळती आहे का ते मी नाकाने नव्हे, लेड ॲसिटेटच्या ओल्या कागदाने बघायचो. गॅस असला तर तो काळा पडतो.

पुढे थायोॲसिटामाइड आले. द्रावण गरम केले की वायू नळीतच तयार होतो, तोही लागेल तेवढाच. काही ठिकाणी दुसरा गट अभ्यासक्रमातूनच वगळला गेला. मुलांच्या फुप्फुसांसाठी हे योग्यच झाले. तरी क्रियेची दिशा का उलटते, हे समोरासमोर दाखवणाऱ्या त्या दोन जागा गेल्या, याची मला आजही हळहळ वाटते. आता प्रॅक्टिकलला उरली आहे ती कार्बोनेटवर विरल आम्ल टाकून फसफस बघायची चाचणी. क्रिया तीच, किपच्या मधल्या गोलात व्हायची ती.