क्षयरोग्याचा धीर

पटकी किंवा प्लेग घरांत शिरला, म्हणजे चार-आठ दिवसांत काय तें होऊन जात असे. क्षयाची रीत निराळी होती. तो चोरपावलांनीं येई. संध्याकाळीं येणारा बारीक ताप, न हटणारा खोकला, हळूहळू उतरणारें वजन, आणि एखाद्या सकाळीं रुमालावर उमटलेला रक्ताचा ठिपका! त्यानंतरचा काळ दिवसांनीं नव्हे, वर्षांनीं मोजावा लागे. रोगी मरत नसे, आणि बरा होत आहे अशी खात्रीही कोणी देत नसे. या मधल्या काळांत माणसानें जगावें कसें? वैद्यकाच्या इतिहासांत या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं. प्रत्येक उत्तरांत ‘धीर धरा’ हा उपदेश होता. परंतु त्या दोन शब्दांचा अर्थ मात्र दर वेळीं बदलत गेला.

आपल्या देशाला हा रोग अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत राजयक्ष्म्यावर स्वतंत्र अध्याय आहे. दक्षाच्या कन्यांपैकीं एकट्या रोहिणीवरच चंद्राची प्रीति जडली, म्हणून दक्षाच्या कोपानें तो क्षीण होत गेला, आणि अखेर अश्विनीकुमारांनीं त्याला बरें केलें, ही कथा तेथें आली आहे. कथा बाजूला ठेवली, तरी त्या अध्यायांतील निरीक्षण कौतुकास्पद आहे. शक्तीबाहेरचें साहस, वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय आणि विषम आहार, हीं रोगाचीं कारणें तेथें सांगितलीं आहेत; आणि उपचारांत पौष्टिक अन्नाला मोठें स्थान दिलें आहे. रोगाचा जंतु ठाऊक नसतांनाही, थकलेल्या व उपाशी शरीरालाच हा रोग आपलें घर करतो, ही गोष्ट जुन्या वैद्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती.

युरोपांत तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत याहून फारसें अधिक ज्ञान कोठें होतें? एडवर्ड ट्रूडो हा अमेरिकन तरुण १८६५ सालीं आपल्या क्षयी भावाची शुश्रूषा करीत होता. खोलीच्या खिडक्या कधींही उघडूं नयेत, अशी त्याला वैद्यांची सक्त ताकीद होती! भाऊ कांहीं महिन्यांतच वारला. पुढें ट्रूडो डॉक्टर झाला, आणि १८७३ सालीं त्याच्याही फुप्फुसांत तोच रोग निघाला. आतां मरावयाचेंच आहे, तर आवडत्या अरण्यांत मरावें, अशा विचारानें तो न्यूयॉर्क संस्थानांतील ॲडिराँडॅक पर्वतांत जाऊन राहिला. तेथें तो मेला नाहीं. तो पुरता बराही झाला नाहीं. ताप पुन्हां पुन्हां येई, महिनेच्या महिने अंथरुणांत जात. पण याच अवस्थेंत तो १९१५ सालापर्यंत, म्हणजे आणखी बेचाळीस वर्षें, जगला आणि काम करीत राहिला.

दरम्यान २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख यानें बर्लिन येथें क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. रोग आनुवंशिक नाहीं, दैवाचा कोप नाहीं, तो संसर्गानें होतो, हें सिद्ध झालें. पण शत्रूचें नांव कळलें म्हणजे शस्त्र हातीं आलें, असें नव्हे. १८९० सालीं कॉखनेंच ‘ट्युबरक्युलिन’ हा उपाय म्हणून पुढें केला, तेव्हां युरोपभरचे रोगी बर्लिनकडे धांवले. तो उपाय निष्फळ ठरला, आणि कित्येकांना उलट अपाय झाला. धीर सुटलेल्या माणसाला आशा किती महाग पडते, याचें हें एक दुःखद उदाहरण आहे.

ज्ञान आणि उपाय यांमधील हें अंतर महाराष्ट्रानेंही सोसलें. डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्रीविभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. परंतु त्या परत आल्या त्या क्षयानें पोखरलेलें शरीर घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. वय अवघें एकवीस वर्षांचें! जंतूचा शोध लागून तेव्हां पांच वर्षें होत आलीं होतीं. आणि पाश्चात्त्य वैद्यकाची पदवीधर असलेल्या या स्त्रीला त्या वैद्यकापाशीं देण्यासारखें कांहींच नव्हतें.

औषध नाहीं, तर शरीरालाच त्याची लढाई लढूं द्यावी, हा विचार सॅनिटोरियमच्या मुळाशीं होता. सायलेशियांतील गॉर्बर्सडॉर्फ या डोंगरी गांवीं हर्मन ब्रेमर यानें १८५० नंतरच्या दशकांत अशी पहिली संस्था उभारली. डोंगरावरील हवा, भरपूर आहार आणि मोजून फिरणें, हा त्याचा उपचार. त्याचाच एक रोगी पेटर डेटवायलर पुढें त्याचा शिष्य झाला, आणि १८७६ सालीं त्यानें फाल्केनस्टाइन येथें स्वतःची संस्था काढली. गुरूचा भर चालण्यावर, तर शिष्याचा भर पडून राहण्यावर. उघड्या पडवींत लांब खुर्च्यांची रांग. तिच्यावर कांबळीं पांघरून, थंडींतसुद्धां, तासन् तास निजलेले रोगी. हें जें सॅनिटोरियमचें चित्र जगभर पसरलें, तें डेटवायलरचें. थुंकींतून रोग पसरूं नये म्हणून रोग्यानें खिशांत बाळगावयाची निळ्या कांचेची झांकणाची कुपीही त्याचीच कल्पना.

ब्रेमरविषयीं वाचून ट्रूडोनें १८८५ च्या सुमारास सॅरनॅक लेक येथें गरीब रोग्यांसाठीं लहानशी झोंपडी बांधली. त्यानें एक प्रयोगही केला. पंधरा ससे घेतले. पांचांना जंतु टोचून अंधाऱ्या, कोंदट जागीं अपुऱ्या अन्नावर ठेविलें. पांचांना जंतु टोचून एका बेटावर मोकळें सोडलें. आणि पांचांना जंतु न टोचतां नुसतेंच कोंदट जागीं ठेविलें. पहिल्या पांचांपैकीं चार लवकरच मेले. बेटावरच्या पांचांपैकीं चार जगले. तिसऱ्या गटांतले रोडावले, पण त्यांना क्षय झाला नाहीं. म्हणजे वाईट परिस्थिति जंतूवांचून क्षय उत्पन्न करीत नाहीं. पण जंतु शिरल्यावर शरीर टिकेल कीं कोसळेल, हें पुष्कळ अंशीं ती ठरविते.

सॅनिटोरियममधील दिनक्रम पाहिला, म्हणजे त्या काळच्या धीराचें स्वरूप लक्षांत येतें. सकाळीं उठल्याबरोबर तोंडांत थर्मामीटर. मग दूध, अंडीं, न्याहारी. मग पडवींत निजणें. दुपारीं जेवणानंतर मौनाची विश्रांति. त्या वेळांत बोलणें नाहीं, वाचन नाहीं. संध्याकाळीं पुन्हां थर्मामीटर. आठवड्यास एकदां वजन. तापाची रेघ सरळ राहिली, तर उद्यां शंभर पावलें अधिक चालण्याची परवानगी; ती वर गेली, तर पुन्हां अंथरूण. इंग्लंडांतील फ्रिम्ली येथें रोग्यांना आधीं फिरावयास लावीत, मग हलक्या टोपल्या उचलावयास, आणि शेवटीं जमीन खणावयास लावीत. एवढा सोपान चढण्यास महिनेच्या महिने लागत, आणि एका रक्तस्रावानें रोगी पुन्हां पहिल्या पायरीवर येई.

या धीमेपणाचें कारण रोगाच्या स्वभावांतच आहे. पुष्कळसे जंतु अर्ध्या तासांत दुणावतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठीं पंधरा-वीस तास लागतात. त्याचें आवरण मेणासारखें चिवट असतें. शरीर त्याला मारूं शकलें नाहीं, म्हणजे त्याच्याभोंवतीं भिंत बांधून त्याला कोंडतें. आणि ती भिंत पक्की होईपर्यंत फुप्फुसाला ताण पडूं न देणें, एवढेंच वैद्याच्या हातीं उरत होतें. आंत जंतु जिवंत असतच. म्हणूनच जुने अनुभवी वैद्य ‘रोग बरा झाला’ असें सहसा म्हणत नसत; ‘रोग थांबला’ असें म्हणत.

हिंदुस्थानांत ही पद्धति विसाव्या शतकाच्या आरंभीं आली. अजमेरजवळ तिलोनिया येथें १९०६ सालीं मिशनऱ्यांनीं पहिलें आरोग्यधाम काढलें. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या खटपटीनें १९०९ सालीं सिमल्याच्या वाटेवर धरमपूर येथें आणखी एक निघालें. पांचगणीस डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं ‘बेल-एअर’ सुरू केलें. मिरजेजवळही डॉ. वॉन्लेस यांच्या नांवानें क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम उभें राहिलें. या संस्थांनीं पुष्कळांचे प्राण वांचविले, आणि अनेकांना निदान शांततेनें मरूं दिलें.

परंतु हा धीर कोणाला परवडत होता? पांचगणीस वर्षभर राहावयाचें, तर मागें पगार चालू राहिला पाहिजे, मुलांकडे पाहणारें कोणी पाहिजे, आणि परत आल्यावर जागा शिल्लक राहिली पाहिजे. गिरणगांवांतील चाळींत, एका खोलींत आठ-दहा माणसांसह राहणाऱ्या कामगाराला ‘विश्रांति घ्या, दूध-अंडीं खा, मोकळ्या हवेंत निजा’ असें सांगणें म्हणजे, श्रीमंत व्हा, असें सांगण्यासारखेंच होतें. खाडा झाला कीं मजुरी बुडे. म्हणून तो ताप अंगांत घेऊन कामावर जाई. स्त्रियांची अवस्था याहून बिकट. सुनेचा खोकला लपविला जाई, कारण तो उघड झाला कीं तिची रवानगी माहेरीं होई. अशा माणसांना अधीर म्हणणें हा अन्याय होता. त्यांच्या अंगीं धीर नव्हता असें नाहीं. धीर धरण्यास लागणारीं साधनें त्यांना कोणीं दिलीं नव्हतीं.

१९४३ सालीं अमेरिकेंत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकाला स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, आणि सगळा खेळ बदलला. १९४७ सालीं ब्रिटनमध्यें त्याची काटेकोर परीक्षा झाली. ५५ रोग्यांना अंथरुणांतील विश्रांतीबरोबर हें औषध दिलें. ५२ जणांना नुसतीच विश्रांति. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटांतील ४ जण दगावले होते, तर दुसऱ्यांतील १४. फरक स्पष्ट होता. पण पुढें जें घडलें, तें अधिक बोधप्रद आहे. एकट्या औषधाला पुष्कळ रोग्यांतील जंतु थोड्याच आठवड्यांत दाद देईनासे झाले, आणि सुधारलेले रोगी पुन्हां ढांसळूं लागले. दोन किंवा तीन औषधें एकत्र दिलीं, तरच हा धोका टळतो, हें लवकरच उमगलें. १९५२ सालीं आयसोनियाझिड हें स्वस्त व प्रभावी औषध आलें, आणि क्षय खात्रीनें बरा करणें प्रथमच माणसाच्या आवांक्यांत आलें.

मग सॅनिटोरियमचें काय? या प्रश्नाचा निकाल मद्रास शहरांत लागला. तेथें रोगी अनेक आणि खाटा मोजक्या. १९५६ सालीं सुरू झालेल्या केंद्रांत वॉलेस फॉक्स आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनीं १९३ गरीब रोग्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सॅनिटोरियममध्यें खाट, चांगलें अन्न आणि विश्रांति. दुसऱ्याला त्याच दाटीच्या घरांत, त्याच निकृष्ट अन्नावर ठेवून केवळ औषधें. औषधें दोघांनाही तींच, एक वर्षभर. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां दोन्ही गटांत बहुसंख्य रोगी बरे झालेले दिसले. घरच्या गटाची पीछेहाट अल्प होती. घरांत राहिलेल्या रोग्यांमुळें कुटुंबीयांना अधिक लागण झाली, असेंही आढळलें नाहीं. शंभर वर्षें ज्या डोंगरी हवेवर भिस्त होती, ती यापुढें अपरिहार्य राहिली नाहीं. जगभरचीं सॅनिटोरियमें हळूहळू बंद पडलीं, किंवा त्यांचीं साधीं रुग्णालयें झालीं.

पण याच मद्रासच्या केंद्रांत एक नवी अडचण दृष्टीस पडली. दोन-तीन महिन्यांत ताप जाई, भूक लागे, अंग भरे. आणि रोगी गोळ्या घेणें सोडून देई. औषध पोटांत जातें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं केंद्राचीं माणसें अवचित घरीं जात, उरलेल्या गोळ्या मोजीत, लघवी तपासीत. दोष केवळ रोग्याचा नव्हता. त्यांतील एक औषध दररोज मोठ्या मात्रेंत गिळावें लागे, आणि त्यानें मळमळ होई. शिवाय दवाखान्याची खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. पूर्वीं आजारी असतांना धीर धरावयाचा होता. आतां बरें वाटूं लागल्यावर धरावयाचा होता. हा दुसरा धीर पहिल्याहून कठीण आहे, कारण त्याला वेदनेची आठवण साहाय्य करीत नाहीं. आणि तो सुटला तर वांचलेले जंतु औषधाला निर्ढावतात. मग त्याची किंमत शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही मोजावी लागते.

यांतूनच औषधाचा डोस आरोग्यसेवकाच्या समक्ष घेण्याची पद्धति निघाली, आणि पुढें ती अनेक देशांनीं उचलली. नव्या औषधांनीं साध्या क्षयाचा उपचार वर्ष-दीड वर्षावरून सहा महिन्यांवर आणला. तरीही जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक चतुर्थांश आजही भारतांत आहेत. जुन्या सॅनिटोरियमची एक शिकवण मात्र नव्यानें खरी ठरली आहे. झारखंडमध्यें क्षयरोग्यांच्या कुटुंबांना पूरक अन्न देऊन पाहिलें. तेव्हां त्या घरांत नव्या क्षयाचें प्रमाण सुमारें ३९ टक्क्यांनीं कमी आढळलें. हा अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. चरकाच्या अध्यायांतील पौष्टिक आहार आणि ट्रूडोचे बेटावरचे ससे यांचीच ही पुढची साक्ष होय.

या दीर्घ इतिहासांत धीराची थोरवी पुष्कळांनीं गायिली. पण धीर हा केवळ रोग्याच्या मनाचा गुण आहे, ही समजूत त्या इतिहासानेंच खोटी पाडली आहे. ट्रूडोपाशीं अरण्यांत राहण्याची सोय होती आणि सोबतीला मित्र होते. चाळींतल्या कामगारापाशीं यांतलें कांहींच नव्हतें. ज्या घरांत आज दीर्घ आजाराचें माणूस आहे, त्या घरानें त्याला ‘धीर धर’ असें अवश्य सांगावें. परंतु सांगण्यापूर्वीं त्याचें ताट, त्याची झोंप, त्याच्या औषधाची वेळ आणि त्याच्या मजुरीची चिंता यांतलें आपण काय काय उचललें आहे, हेंही एकदां मोजून पाहावें.