दोरीचे दुसरे टोक : फ्रोबेलचा चेंडू आणि मुलांचे बोलणे

१/ ऑगस्ट १८५१. प्रशियाच्या सरकारने ‘किंडरगार्टन’ या नव्या संस्थेवर बंदी घातली. आरोप होता नास्तिकता आणि समाजवाद पसरवण्याचा. या ‘धोकादायक’ संस्थेचे पहिले साधन मात्र होते दोरी बांधलेला एक लोकरीचा चेंडू, बाळाच्या मुठीत मावेल एवढा. आजचा धागा त्या चेंडूविषयी आणि त्यासोबत बोलल्या जाणाऱ्या शब्दांविषयी.

२/ चेंडूचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल. जन्म १७८२, जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात, एका धर्मोपदेशकाच्या घरी. तो अवघा नऊ महिन्यांचा असताना आई वारली. पुढे सावत्र आई आली. आरंभी तिने मायेने वागवले; परंतु स्वतःला मुलगा झाल्यावर तिने फ्रीड्रिखला ‘तू’ म्हणणे सोडले.

३/ ती त्याला ‘तो’ असे तृतीय पुरुषात संबोधू लागली. त्या काळच्या जर्मनमध्ये हे संबोधन दुरावा दाखवणारे होते. एका सर्वनामाने आपल्याला कसे एकाकी केले, हे फ्रोबेलने पुढे अनेक दशकांनी एका आत्मचरित्रात्मक पत्रात नोंदवले आहे. लहान मुलाशी कोणत्या शब्दांत बोलले जाते, याचे मोल त्याने स्वतः भोगून जाणले होते.

४/ १८३७ साली त्याने ब्लांकेनबुर्ग या गावी खेळसाहित्य तयार करण्याचे काम आरंभले. १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव रूढ केले. त्याच्या खेळण्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिल्या देणगीत सहा रंगांचे सहा मऊ चेंडू होते. लाकडी गोल, घन आणि ठोकळे त्यानंतरचे.

५/ या चेंडूचा खेळ घरातला, आईच्या मांडीवरचा. बाळ चेंडू मुठीत धरते. आई दोरी हलकेच ओढते. चेंडू निसटतो आणि पुन्हा हाती येतो. ‘आहे’, ‘होता’, ‘पुन्हा मिळेल’ हे तीन काळ बाळ व्याकरणाच्या कितीतरी आधी बोटांनी अनुभवते, असे फ्रोबेलचे प्रतिपादन होते. आपल्या ‘बुवा कुक’मध्येही असणे-नसणे हीच गंमत आहे.

६/ पण चेंडू मुक्याने हलवायचा नाही, यावर त्याचा भर होता. चेंडू वर जाताना ‘वर’, खाली येताना ‘खाली’. तो झुलत असेल तर घड्याळाच्या ठेक्याचा आवाज. उड्या मारू लागला तर तो क्षणभर मांजर, क्षणभर पक्षी. शब्द आणि हालचाल एकाच क्षणी यावी. बाळाला अर्थ कळत नसला तरी बोलावे, कारण कळण्याची क्षमता त्यातूनच वाढते.

७/ ही युक्ती आपण शून्यातून निर्माण केली, असा त्याचा दावा नव्हता. आया स्वभावतःच जे करतात, ते त्याने निरखले आणि त्याला रूप दिले. १८४४ साली त्याने आयांसाठी बोटांच्या खेळांची गाणी चित्रांसह प्रसिद्ध केली. घरातील बडबडीला शिक्षणशास्त्रात मानाचे स्थान देणारे ते पुस्तक होते.

८/ त्याचे सारेच आज पटण्यासारखे नाही. जर्मन ‘बाल’ (चेंडू) या शब्दात त्याला ‘आल’ (सर्व) दिसे आणि म्हणून चेंडू हे विश्वाचे प्रतीक वाटे. बाळाशी खेळण्याची जबाबदारीही त्याने मुख्यतः आईवरच टाकली.

९/ बंदीमागे गफलतही होती. पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या लेखनामुळे सरकारने काका-पुतण्यांची गल्लत केली. फ्रोबेलने खुलासा केला, पण उपयोग झाला नाही. जून १८५२ मध्ये तो वारला. बंदी उठली ती १८६० साली.

१०/ पुढे त्याच्या देणग्या अमेरिकेत पेट्यांतून विकल्या गेल्या. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्या पाहून एका आईने आपल्या मुलासाठी घेतल्या. तो मुलगा म्हणजे विख्यात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. ठोकळ्यांचे ऋण त्याने आयुष्यभर मानले. ठोकळ्यांना असा इतिहास लाभला; चेंडू मागे पडला.

११/ असे का व्हावे? ठोकळे पेटीत घालून विकता येतात, एकट्याने रचता येतात. चेंडूच्या खेळातील निम्मा भाग मात्र खेळवणाऱ्याच्या कंठात असतो आणि तो कोणत्याही पेटीत मावत नाही. पुढे अनेक वर्गांत देणग्यांची ठरावीक क्रमाने कवायत होऊ लागली, तेव्हा साधने तीच राहिली, संवाद ओसरला.

१२/ म्हणून खेळण्यांच्या इतिहासात केवळ वस्तू मोजून भागत नाही; त्यांच्याभोवती कोण काय बोलत होते, हेही पाहावे लागते. आज बोलके खेळणे सहज विकत मिळते. पण ते बाळाच्या हुंकाराला ओ देते का, हे तपासावे. चिंध्यांचा चेंडू आणि समोर बसून बोलणारे माणूस, मग ती आई असो, आजोबा असोत वा थोरली ताई, एवढ्यावर फ्रोबेलची पहिली देणगी आजही पूर्ण होते.