प्लेग नव्हे, फिट

‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ हा चेन कैगे यांचा १९९३ चा चिनी सिनेमा. तीस वर्षांनी, २०२३ साली, तो फोर-के मध्ये स्वच्छ होऊन अमेरिकेतल्या थिएटरांत पुन्हा लागला. ती बातमी वाचताना मला आमच्या सोलापूरचा ‘चिनी’ सिनेमा आठवला.

तो म्हणजे ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, १९४६. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि कोटणीसांच्या भूमिकेतही तेच. चिनी नायिका झाली जयश्री, आणि ती हिंदीत बोलते. कथेला आधार ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाचा.

सोलापूरच्या पोराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस वेगळे सांगावे लागत नाहीत. भैया चौकात त्यांचं स्मारक आहे. जन्म १९१० चा, सोलापुरातला. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झाले. जपानने चीनवर हल्ला केल्यावर काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते गेले. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. पाचांपैकी चौघे परत आले. कोटणीस तिथेच थांबले, आघाडीवर जखमींची ऑपरेशनं करत राहिले. १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी नर्सिंग शिकवणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

हा सिनेमा मी फोनवर पाहिला, रात्री, कानात इअरफोन घालून. प्रिंट ओरखड्यांनी भरलेली, आवाज मध्येच खरखरणारा. सिनेमात कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतात, त्यांनाच लागण होते आणि त्यातच ते जातात. मला रडू आलं. मग त्यांच्याबद्दल वाचायला बसलो, तेव्हा कळलं की प्लेगने ते गेलेच नव्हते.

९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते अपस्माराने गेले. म्हणजे आपण ज्याला फिट म्हणतो, त्याने. यिनहुआ तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

मी थबकलो, कारण हा शब्द आमच्या घरात कधी मोठ्याने उच्चारला जात नसे. माझ्या मावशीला फिट यायची. ती पडली की कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कुणी चप्पल हुंगवायचं, आणि आजी आधी दार लोटून घ्यायची. पाहुण्यांना सांगायचं, ‘चक्कर आली.’ मावशीचं लग्न ठरेना. पुढे गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या, पण लोटलेलं दार तसंच राहिलं.

शांतारामबापूंनी प्लेग का घेतला असेल? १९४६ च्या प्रेक्षकाला प्लेग माहीत होता. तो पडद्यावर दाखवता येतो, त्याच्याशी लढता येतं. दुसऱ्याचा जीव वाचवताना लागलेला आजार म्हणजे बलिदान. स्वतःच्याच मेंदूत उठणाऱ्या आजाराला आपल्याकडे लोक बलिदान म्हणत नाहीत, ‘बाहेरचं’ म्हणतात. सिनेमाला नायक हवा होता, त्यामुळे आजार बदलला. मी त्यांना दोष देत नाही. आजीनेही वेगळं काय केलं होतं?

पण मला खरी गोष्ट जास्त मोठी वाटते. प्लेगच्या रोग्याला आपल्याला काय झालंय ते एकदाच कळतं. फिट येणाऱ्या माणसाला मात्र उद्या पुन्हा येईल हे ठाऊक असतं, आणि तरी उठून कामाला लागायचं असतं. फिट येत असूनही कोटणीसांनी काम सोडलं नाही. औषध नीट मिळण्याचाही तो काळ नव्हता. भोवती युद्ध होतं, नाकेबंदी होती.

१९८२ साली चीननेही कोटणीसांवर सिनेमा काढला. यिनहुआ मात्र डॉक्टर होता होता १९६७ मध्येच गेला. ग्वो चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या.

आमचा १९४६ चा सिनेमाही असाच स्वच्छ होऊन सोलापूरच्या एखाद्या थिएटरात लागावा, असं मला मनापासून वाटतं. ओरखडे जाऊ देत. प्लेगही राहू दे, तो शांतारामांचा आहे. फक्त सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एक ओळ यावी : डॉ. कोटणीस अपस्माराने गेले.

त्या शोला मी मावशीला घेऊन जाईन.